लाल झग्यातला माजी सैनिक

मागच्या बाकावर अंग चोरून बसा. ७ ऑगस्ट १९४४, बर्लिन. हिटलरला बॉम्बने उडवण्याचा प्रयत्न फसला, त्याला अठरा दिवस झालेत. समोर नाझींच्या ‘लोकन्यायालया’चा अध्यक्ष बसलाय. लाल झगा, तासून काढल्यासारखा चेहरा. हा रोलांड फ्राइस्लर. स्वस्तिकाच्या झेंड्यांआड कॅमेरे दडवलेत. खटल्याचं चित्रीकरण चाललंय.

त्या कटातला एक आरोपी आत येतो. फील्ड मार्शल एर्विन फॉन विट्झलेबेन, वय ६२. त्याच्या चेहऱ्याकडे नको, हाताकडे बघा. पट्टा काढून घेतल्यामुळे पँट खाली घसरतेय. एकेकाळी फौजा हलवणारा तो हात आता कमरेशी कापड मुठीत धरून आहे. पकड सैल झाली की तो पुन्हा घट्ट धरतो. आणि न्यायाधीश नेमकं त्यावरूनच त्याला हिणवतो.

मग फ्राइस्लर ओरडायला लागतो. इतका, की ध्वनिमुद्रण करणारे वैतागतात. त्या आवाजापुढे यंत्र टिकत नाही. आरोपीने दोन वाक्यं बोलावीत, तर तिसरं याच्या आरड्याओरड्यात बुडतं. दुसऱ्या दिवशी निकाल लागतो आणि त्याच दिवशी प्लोट्झेनझे तुरुंगात विट्झलेबेनला फासावर लटकवतात.

आता मागे चला, १९१५ च्या शरदात, पहिल्या महायुद्धाच्या पूर्व आघाडीवर. विशीतला एक जर्मन अधिकारी रशियनांच्या हाती लागतो. लढाईतल्या कामगिरीबद्दल त्याला आयर्न क्रॉस मिळालाय. हाच फ्राइस्लर. कैदेत तो रशियन शिकतो आणि १९२० मध्ये घरी परततो. पुढे येना विद्यापीठाची कायद्यातली डॉक्टरेट, कासेल शहरात वकिली, १९२५ मध्ये नाझी पक्ष.

युद्धानेच तो असा झाला, असं म्हणून त्याला सोडून देऊ नका. विट्झलेबेनही त्याच युद्धातून आला होता, व्हर्दूंला लढला होता. चिखल दोघांनीही पाहिला होता. मला या माणसाचा राग येतो तो इथेच: त्याला कायदा कळत होता, सैनिकाचा मान कशात असतो तेही कळत होतं, आणि ते सगळं ज्ञान त्याने दुसऱ्याला चिरडायला वापरलं.

२० जानेवारी १९४२ ला वान्झेच्या बंगल्यात ज्यूंच्या संहाराची आखणी झाली, त्या टेबलाशी तो हजर होता. २२ फेब्रुवारी १९४३ ला म्युनिकमध्ये त्याने एकवीस वर्षांच्या झोफी शोलला नाझीविरोधी पत्रकं वाटल्याबद्दल मृत्युदंड दिला. त्याच संध्याकाळी तिचा शिरच्छेद झाला. त्याच्या कारकिर्दीत या न्यायालयाने अडीच हजारांच्या आसपास मृत्युदंडाच्या शिक्षा दिल्या.

३ फेब्रुवारी १९४५, शनिवार सकाळ. तुम्ही बर्लिनच्या बेलेव्ह्यू रस्त्यावर, न्यायालयाच्या इमारतीत आहात. फाबियान फॉन श्लाब्रेन्डॉर्फ आपल्या खटल्याची वाट बघतोय. पेशाने वकील. मार्च १९४३ मध्ये हिटलरच्या विमानात बॉम्ब पोचवणारा हाच. तो फुटला नाही. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याचे अतोनात हाल केलेत. निकाल काय लागणार, हे त्यालाही ठाऊक आहे आणि तुम्हालाही.

भोंगे वाजतात. जवळपास हजार अमेरिकी बॉम्बफेकी विमानं शहरावर येताहेत. त्यांच्या आघाडीवर रॉबर्ट रोझेन्थाल आहे, ब्रुकलिनचा ज्यू तरुण, तोही वकीलच. सगळे तळघरात उतरतात, आरोपी आणि न्यायाधीश एकाच छताखाली. जमीन हलते. धूळ. श्लाब्रेन्डॉर्फने पुढे सांगितलं त्याप्रमाणे, तुळई कोसळून फ्राइस्लर मेला आणि त्याच्या हातात श्लाब्रेन्डॉर्फच्याच खटल्याची फाइल होती. तो मेला कसा आणि नेमका कुठे, याच्या हकिकती वेगवेगळ्या आहेत. मेला तो त्याच हल्ल्यात. त्या दिवशी बर्लिनमधली हजारो साधी माणसंही मेली, त्यांनाही विसरू नका.

मार्चमध्ये खटला पुन्हा उभा राहिला, दुसऱ्या न्यायाधीशापुढे. आपला छळ कसा झाला ते श्लाब्रेन्डॉर्फने भर न्यायालयात सांगितलं आणि तो निर्दोष ठरला. १९६७ ते १९७५ तो पश्चिम जर्मनीच्या घटना न्यायालयात न्यायाधीश होता.

फ्राइस्लर बर्लिनच्या डाहलेममध्ये, बायकोच्या माहेरच्या कबरीत पुरलेला आहे. दगडावर त्याचं नाव नाही.