ब्रॉयलरचं आतडं

राहुरीहून देवळाली प्रवराकडे जाताना पोल्ट्रीच्या शेड दिसल्या की मला आतडं आठवतं. (हसू नका!) १९७१ मध्ये बी. व्ही. रावांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली, मग ब्रॉयलर हळूहळू आपल्या ताटात आली. कॅनडात तुलना झालीये: १९५७ची जात ५६ दिवसांत ९०५ ग्रॅम, २००५ची ४२०२, खाद्य तेच! एवढं पचवायला पिल्लाचं लहान आतडं पहिल्या आठवड्यात बाकी अंगापेक्षा वेगाने वाढतं. बॉटलनेक तिथेच. तिथे जंतू माजले की खाद्य वाया, म्हणून खाद्यात थोडं अँटिबायोटिक. युरोपने वाढीसाठीचा हा वापर २००६ मध्ये थांबवला. आपल्याकडे कोलिस्टिनवर बंदी आली २०१९ मध्ये. आयसीयूत बाकी औषधं हरली की डॉक्टर काढतात ते हेच, आणि आपण ते कोंबडीचं वजन वाढवायला घालत होतो.