तळटीप : स्प्रिंगने चेंडूवर केलेल्या कार्याविषयी

ग्रंथकारांनी मजकुरात ‘बल गुणिले अंतर’ एवढ्यावरच हिशेब आटोपला आहे, परंतु खेळण्यातील बंदुकीची स्प्रिंग चेंडूला ढकलते तेव्हा तिचे बल आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे राहत नसून, रॉबर्ट हुक याने १६७६ साली अक्षरांची उलटापालट करून गुप्त ठेवलेल्या आणि १६७८ साली उघड केलेल्या नियमानुसार (शास्त्रज्ञांची ही दप्तर कुलूपबंद ठेवण्याची हौस मोठी विलक्षण!) ते संकोचनाच्या प्रमाणात असते, व स्प्रिंग मोकळी होत जाईल तसतसे क्षीण होत शून्यावर येते. सबब हिशेबात कमाल बल न धरता त्याचे निम्मे, म्हणजे सरासरी बल, धरावयास हवे. मीटरमागे २०० न्यूटन बलाची स्प्रिंग ५ सेंटिमीटर दाबली असता कमाल बल १० न्यूटन भरते. सरासरी ५ न्यूटन गुणिले ०.०५ मीटर, म्हणजे ०.२५ ज्यूल, हे स्प्रिंगचे खरे कार्य होय. मजकुरातील रीतीने ते नेमके दुप्पट येते. हे सारे २० ग्रॅमच्या चेंडूच्या पदरी पडले, तर तो सेकंदास ५ मीटर वेगाने सुटेल. प्रत्यक्षात तसे घडत नाही. कारण, घर्षणाची वजावट बाजूस ठेवली तरी, स्प्रिंगला स्वतःचे वेटोळेही हलवावे लागते, आणि तिचे मागचे टोक स्थिर व पुढचे चेंडूबरोबर धावणारे असल्यामुळे तिच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश चेंडूच्या वस्तुमानात मिळवावा लागतो. स्प्रिंग १५ ग्रॅमची असल्यास वेग सुमारे ४.५ मीटरवर उतरतो. नळी उभी धरल्यास गुरुत्वाकर्षणाचे देणे निराळे, मात्र या ५ सेंटिमीटरांत ते जेमतेम ०.०१ ज्यूल भरते, आणि ते चेंडूच्या खाती मांडावे, स्प्रिंगच्या कार्यातून वजा करू नये. — संपादक