मरामत

नांदेड-लातूरकडच्या जुन्या माणसांच्या तोंडून, निजामी अंमल 1948 सालीच संपला असला तरी, 'मरामत' हा शब्द अद्याप निसटलेला नाही: मृगापूर्वी माळवदावर पांढरी माती पसरून गळती बुजवायची ती मरामत, आणि जुने पाडून पायापासून नवे उभारायचे ती तामीर, जिच्यावरून हैदराबाद संस्थानच्या बांधकाम खात्याला 'तामीरात' म्हणत. दोन्ही शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आले. 'तामीर' ज्या धातूपासून निघाली त्यातूनच इमारत आणि उमर. परंतु खरी मौज मरामतीची, कारण तिच्या 'र-म-म' या धातूत दुरुस्त करणे आणि कुजून जीर्ण होणे हे परस्परविरुद्ध अर्थ एकत्र नांदतात. ('रमीम' म्हणजे चक्क कुजलेली हाडे!)

लातूरचा आमचा भाचा संगणकावर जे खेळ खेळतो, त्यांतले निम्मे त्याच्या जन्मापूर्वीचेच, नव्या अंगरख्यातले, हे ध्यानात आल्यावर हा भेद मला उपयोगी पडला. 1998 चा 'रेसिडेंट ईव्हिल 2' हा 2019 मध्ये नव्या पायावर रचला गेला; ती तामीर. 1996 चा 'टूम रेडर' मात्र 2024 मध्ये नव्या रंगरूपाने आला, तरी एक कळ दाबताच खालची जुनी, ओबडधोबड कोनांची आकृती जशीच्या तशी प्रकट होते. भाच्याने ती किमया आजीला दाखविली, तेव्हा चष्मा पुसत ती म्हणाली, "हे तर आपलंच माळवद की, पांढरी तेवढी नवी टाकली."