कृष्णा-कोयनेच्या होड्या आणि आम्ही बायका

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने काही ना काही लिहावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती द्यावी तर ती आपल्यापैकी प्रत्येकीला माझ्यापेक्षा चांगली येते. तेव्हा जे मी डोळ्यांनी पाहिले, मोठ्या माणसांकडून ऐकले आणि ज्याच्याशी माझा जन्म बांधला गेला, त्या होडीविषयीच चार शब्द लिहिते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझे माहेर सातारा जिल्ह्यात जावळीच्या खोऱ्यात, कोयनेच्या काठी. सासर सांगलीला कृष्णेच्या काठी. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढे आमच्या आयर्विन पुलाखालून जाते. म्हणजे माझे माहेरचे पाणी माझ्या पाठोपाठ सासरी आलेलेच आहे! पण दोन्हीकडच्या होडीची तऱ्हा मात्र अगदी वेगळी.

आधी सांगलीचे सांगते. १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या नावाचा पूल झाला. त्याआधी सांगलीहून सांगलीवाडीला जायचे ते नावेतून. माझ्या सासूबाई त्यांच्या सासूबाईंकडून ऐकलेले सांगत असत. नावेत माणसे, शेळ्या, भाजीच्या पाट्या सगळे एकत्र चढायचे. नावाडी आंबी-कोळी मंडळींपैकी असत, आणि त्यांना सुगीच्या वेळी धान्य दिले जाई. नवी नवरी पैलतीराहून आली, तर नावेत पाय ठेवण्यापूर्वी ती पाण्याला हळदकुंकू वाहत असे. पूर आला आणि नाव चालेनाशी झाली, तर गुऱ्हाळातली गूळ शिजवायची काहील पाण्यात लोटून तिच्यातून माणसे काढीत. तिला ना टोक ना सुकाणू, भिंगरीसारखी फिरते. पण वेळेला तीच उपयोगी पडे.

पूल झाला आणि नावेची गरज संपली. गरज संपली की वस्तू अडगळीत जाते, हे आपण घरात नेहमी पाहतो. होडीचे मात्र तसे झाले नाही. ती शर्यतीत गेली. सांगलीवाडी, समडोळी, कवठेपिरान, कसबे डिग्रज या नदीकाठच्या गावांतून तरुणांचे बोट क्लब निघाले. श्रावणात नदी दुथडी भरली की होड्यांच्या शर्यती लागतात. पुलावर आणि घाटावर मुंगीला शिरायला वाव राहत नाही. लांब, अरुंद होड्या, एका तालात पडणारी वल्ही, आणि काठावरून आपापल्या गावाच्या नावाचा गजर! पाहणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो.

१९९९ साली मी लग्न होऊन आले तेव्हा आमचे धाकटे भाऊजी अशाच एका क्लबात वल्हे मारीत. आमचे मामंजीही तरुणपणी त्यातच. उन्हाळ्यात नदी शांत असते, तेव्हा सराव सुरू होई. पहाटे पाचला पोरे नदीवर जात आणि साडेसातला सहा-सातजण आमच्या सोप्यात येऊन बसत. दूध, भिजवलेले हरभरे, उकडलेली अंडी, आणि वर तव्यावरच्या भाकऱ्या. मी एका सकाळी पस्तीस भाकऱ्या थापल्याचे मला आठवते. संध्याकाळी सगळी घाटावर जमत. कोणी होडीला डांबर लावी, कोणी वल्ही तासून गुळगुळीत करी. म्हातारी मंडळी जुन्या शर्यतींच्या गोष्टी सांगत. कोणाचे लग्न ठरवायचे, कोणाच्या आजारपणाला वर्गणी काढायची, तेही तिथेच ठरे. क्लब म्हणजे नुसती होडी नव्हे, ते एक मोठे घरच होते.

पण त्या घरात आम्ही बायका कुठे होतो? स्वयंपाकघरात. शर्यतीच्या दिवशी होडीची पूजा होई, नारळ फुटे, गुलाल उधळे. ओवाळायला आम्ही असू. ओवाळून मात्र दोन पावले मागे सरायचे, कारण होडीला बाईचा पाय लागू नये अशी आमच्या भाऊबंदांत समजूत. एकदा मी सहज होडीच्या काठाला हात लावला, तर मामंजी म्हणाले, "सूनबाई, लांबून नमस्कार करा." ते रागाने बोलले नाहीत, पण मी हात मागे घेतला तो घेतलाच.

मला त्याचे वाईट वाटले याचे कारण माझ्या माहेरात आहे. कोयना धरण बांधले गेले, १९६२ साली पोफळीला वीज तयार होऊ लागली, आणि आमच्या खोऱ्यात शिवसागर जलाशय पसरला. सुमारे १०५ टीएमसी पाणी! माझ्या आजोळची घरे, शेते, देवळे त्यात गेली. कित्येक कुटुंबे दूर दुसऱ्या जिल्ह्यांत गेली. काहीजण डोंगराच्या अंगाला वर सरकून राहिले. आमचे त्यांतलेच. पूर्वी जिथे नदी उतरून पलीकडे जाता येई, तिथे आता समुद्रासारखे पाणी. बाजार पाण्यापलीकडे, दवाखाना पाण्यापलीकडे. लाँच आली तर जायचे, नाहीतर हातातले काम टाकून वाट पाहायची. बाळंतीण बाईला होडीत आडवी निजवून नेताना मी लहानपणी पाहिले आहे. वर कांबळे धरलेले आणि खाली पाण्याचा चुबुकचुबुक आवाज.

आमच्या गावी शाळा सातवीपर्यंत. आठवीची शाळा पलीकडे. लाँचच्या वेळा शाळेला जुळत नव्हत्या. माझ्या वर्गातली तीन मुले घरची लहान होडी घेऊन स्वतः वल्हवीत जाऊ लागली. मीही वडिलांना म्हटले, "आबा, मलाही वल्हे शिकवा." आबा हसले आणि म्हणाले, "पोरीच्या जातीला कशाला ते?" आबा मायाळू होते, त्यांना दोष देत नाही. पण ती तिन्ही मुले दहावी झाली आणि मी सातवीवर राहिले. आमच्यामध्ये बुद्धीचा फरक नव्हता, एका वल्ह्याचा होता.

हल्ली त्याच पाण्यावर बामणोली आणि तापोळा येथे बोट क्लब आहेत. धरणाने ज्यांची जमीन नेली त्यांच्याच मुलानातवंडांनी होड्या घेतल्या, आणि पाहुण्यांना पाळीपाळीने नंबर लावून फिरवून आणतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठी गर्दी असते. कोयना, सोळशी आणि कांदाटी यांचा त्रिवेणी संगम दाखवतात, वासोट्याच्या पायथ्याशी नेऊन सोडतात. याच वासोट्यावरून ताई तेलिणीने पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या फौजेशी झुंज दिली होती. होडीवाले ही गोष्ट पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतात. किल्ला लढवणारी बाई चालते, मग होडी चालवणारी का नको, असे माझ्या मनात येते. वैशाखात पाणी उतरले की जुन्या घरांच्या जोत्यांचे दगड उघडे पडतात. पाहुणे त्यांची छायाचित्रे काढतात. माझी आई मात्र तिकडे पाहून हात जोडते.

महाबळेश्वरचे वेण्णा तळे तर आपण सहलीत पाहिलेच आहे. ते १८४२ साली साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे ऊर्फ अप्पासाहेब महाराज यांनी बांधवले, ते पाण्यासाठी. नौकाविहाराची मौज पुढे त्याच्या जोडीने आली. आपल्या सहलीत किती जणी होडीत बसल्या ते आठवा बरे! निम्म्याहून अधिक जणी काठावर मक्याची कणसे खात राहिल्या होत्या.

आता २०१९ सालचे सांगते. ते लिहिताना अजून हात कापतो. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की आपल्या पोटात गोळा येतो. त्या वेळी माहेरच्या पाण्याची मला प्रथमच भीती वाटली. आम्ही गल्लीतल्या चौदाजणी, मुले आणि दोन म्हाताऱ्या एका गच्चीवर दोन रात्री होतो. लष्कराच्या आणि एनडीआरएफच्या बोटी आल्या त्या आल्याच. पण आमच्या गच्चीपाशी प्रथम पोहोचली ती भाऊजींच्या क्लबातली पोरे. ज्यांना मी भाकऱ्या वाढल्या होत्या, तीच. गल्ल्यांतले विजेचे खांब, भिंती, वळणे त्यांना तोंडपाठ.

होडी टेकली आणि सगळ्याजणी एकदम एकाच बाजूने धावल्या. होडी कलली, पोरे ओरडली. तेव्हा लहानपणचे शहाणपण माझ्या कामी आले. मी मोठ्याने म्हटले, "एकेकीने या, मधोमध पाय ठेवा, लगेच खाली बसा, उभे राहू नका." म्हाताऱ्यांना मधे बसवले, मुलांना मांडीत दिले. तीन खेपांत आम्ही सगळ्या कोरड्या जमिनीवर आलो. त्याच दिवसांत पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जीव गेले. त्यांत बायका आणि मुले होती. ती बातमी ऐकून मी कितीतरी वेळ बोलू शकले नाही. बोटीत कसे बसावे, पाण्यात पडल्यावर हातपाय कसे हलवावे, हे आपल्या जातीला कोणी शिकवतच नाही. नदीला पूर आला की तिची ओटी भरायची, एवढेच आपल्याला शिकवलेले.

ओटी अवश्य भरावी. मीही भरते. पण ओटीबरोबर अक्कलही हवी. २०२१ साली पुन्हा पूर आलाच, आणि पुढे येणार नाही असे कोण सांगेल?

माझ्या मुलीने मला वाचून दाखवले की ऑलिंपिकमध्ये १९७६ सालापासून बायकांच्या होड्यांच्या शर्यती होतात. आपल्या नाशिक जिल्ह्यातला तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरीची कामे करता करता सैन्यात गेला, तिथे वल्हे शिकला आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. तेव्हा हे काम कोणी आईच्या पोटातून शिकून येत नाही, शिकवले की येते.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. येत्या उन्हाळ्यात, नदी शांत असताना, बोट क्लबाच्या मंडळींना विनंती करून आपण पंधरा दिवसांचा वर्ग घ्यावा. आधी तलावात पोहणे, मग होडीत चढणे-उतरणे, आणि ज्यांना हौस आहे त्यांना वल्हवणे. उन्हाळ्यात डिग्रज-भिलवडीकडे मगरी काठावर ऊन खात पडलेल्या असतात हे मला ठाऊक आहे, म्हणून जागा क्लबाच्या जाणत्या माणसांनीच दाखवावी. मी हे घरी बोलले, तेव्हा मला वाटले मामंजी नाराज होतील. आता त्यांचे वय झाले आहे. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "गच्चीवरून तुम्ही सगळ्यांना नीट उतरवलेत, तेव्हाच मी समजलो. होडीला पाय लागला तरी चालेल, सूनबाई. पण पाय मधोमध ठेवा."

पहिले नाव मी माझे लिहिले आहे, दुसरे माझ्या मुलीचे. ज्यांना यायचे असेल त्यांनी हळदीकुंकवाच्या दिवशी चिटणीसबाईंकडे आपले नाव द्यावे. भाकऱ्या त्या पंधरा दिवसांत पुरुषमंडळींनी थापाव्यात, एवढीच जास्तीची विनंती!