पीपल्स पार्कचा हिशेब

नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात उद्यानांचे प्रकरण बहुधा शेवटी येते. पाणी, गटारे, रस्ते, शाळा, दवाखाने यांची तरतूद झाल्यावर जे उरेल त्यातून बागांचा वाटा निघावयाचा, असा बहुतेक शहरांचा परिपाठ आहे. तो सर्वस्वी अन्याय्य आहे असे म्हणता येत नाही. तहानलेल्यास पाणी देण्याआधी फुलझाडांस पाणी घाला, असे कोणता सभासद म्हणेल? परंतु हा परिपाठ शंभर वर्षे चालला म्हणजे काय होते, याचा पुरावा पाहावयाचा असेल तर चेन्नईसारखे दुसरे ठिकाण नाही. आपल्यापैकी ज्यांची बदली या शहरी झाली आहे, त्यांनी सेंट्रलसमोरच्या ‘पार्क’ या उपनगरी स्थानकावर उतरावे आणि ज्या पार्कावरून भोवतालच्या वस्तीला पार्क टाऊन हे नाव मिळाले, ते पार्क कोठे आहे याचा शोध घ्यावा.

हे पार्क म्हणजे पीपल्स पार्क. १८५९ साली सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन मद्रासचे गव्हर्नर होऊन आले. मेकॉलेचे हे मेहुणे. किल्ल्याच्या उत्तरेस दाट वस्तीचे ब्लॅक टाऊन होते. तेच पुढे जॉर्ज टाऊन झाले. साहेब लोकांचे बंगले प्रशस्त आवारांत होते, पण या वस्तीतील माणसाला संध्याकाळी मोकळा श्वास घेण्यास जागा नव्हती. तिच्या पश्चिमेस लोकांसाठी विस्तीर्ण उद्यान करावे, ही कल्पना ट्रेव्हेल्यन यांची. हे उद्यान ११६ एकरांचे होते. त्यात तळी होती, फिरण्याचे रस्ते होते, बँड वाजविण्याचा चौथरा होता. एडवर्ड बाल्फोर यांनी १८५५ साली वस्तुसंग्रहालयाच्या आवारात सुरू केलेला प्राणिसंग्रहही १८६३ मध्ये येथे आला.

ट्रेव्हेल्यन यांना स्वतःला मात्र ही बाग वाढलेली पाहत मद्रासेत राहता आले नाही. कलकत्त्याचे अर्थसचिव जेम्स विल्सन यांनी आणलेल्या प्राप्तिकराला त्यांनी उघड विरोध केला, आपले टिपण प्रसिद्ध केले, आणि १८६० साली त्यांना परत बोलाविण्यात आले. उद्यान राहिले, पण त्यासाठी भांडणारा माणूस गेला. पुढे त्याचा सांभाळ नगरपालिकेकडे आला, आणि येथूनच आमच्या विषयाला प्रारंभ होतो.

शहराला एक सार्वजनिक सभागृह हवे होते. १८८६ साली पीपल्स पार्कातील ५७ ग्राउंड, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर जमीन, ९९ वर्षांच्या पट्ट्याने नाममात्र भाड्यावर देण्यात आली आणि तीवर व्हिक्टोरिया पब्लिक हॉल उभा राहिला. नाटके, सभा, व्याख्याने यांनी तो गजबजला. त्यानंतर शहराला चांगली मंडई हवी झाली. महापालिकेचे अध्यक्ष सर जॉर्ज मूर यांनी १८९८ मध्ये कोनशिला बसविली आणि १९०० साली मूर मार्केट उघडले. जुन्या पुस्तकांसाठी मद्रासचे विद्यार्थी आणि पंडित तेथे पिढ्यान्‌पिढ्या जात राहिले. मग खुद्द महापालिकेलाच जागा अपुरी पडू लागली. १९०९ साली लॉर्ड मिंटो यांनी पायाचा दगड बसविला आणि १९१३ मध्ये लॉर्ड हार्डिंज यांच्या हस्ते नव्या कचेरीचे उद्घाटन झाले. १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावाशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या लॉर्ड रिपन यांचे नाव या शुभ्र इमारतीस मिळाले. लोकांच्या प्रतिनिधींचे घर अशा रीतीने लोकांच्या बागेतच बांधले गेले. विसाव्या शतकात खेळांसाठी क्रीडागार झाले. तेच आजचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम.

यांतील एकही काम वाईट नव्हते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कोणी लाच खाल्ली नाही की कोणी रातोरात कुंपण सरकविले नाही. सभागृह, मंडई, कचेरी, क्रीडागार या सर्व लोकोपयोगी गोष्टी. प्रत्येक वेळी जमीन हवी होती, विकत घेण्यास पैसा लागला असता, आणि महापालिकेच्या हाताशी एक ‘रिकामी’ जागा होती. दप्तरात दिवस घालविणाऱ्या आपल्यासारख्यांना या शब्दाचे सामर्थ्य ठाऊक आहे. बागेवरचा माळ्यांचा आणि पाण्याचा खर्च दरवर्षी जमाखर्चात दिसतो. बागेचे उत्पन्न कोणत्याच रकान्यात दिसत नाही. जी वस्तू केवळ खर्चाच्या बाजूस दिसते, ती कधी ना कधी दुसऱ्या कामी लावली जाते.

गमावलेली जागा परत येत नाही, हेही येथेच दिसून आले. ३० मे १९८५ रोजी मूर मार्केट आगीत भस्मसात झाले. जमीन पुन्हा मोकळी झाली, पण बाग परतली नाही. तेथे रेल्वेचे उपनगरी संकुल उभे राहिले, आणि मार्केटचे नाव तेवढे त्याला चिकटून राहिले. त्याच वर्षी प्राणिसंग्रहालय शहराबाहेर वंडलूर येथे नव्या विस्तीर्ण जागेत सुरू झाले. प्राण्यांचे भाग्य उजळले, परंतु शहरातील माणसांचे अंगण आणखी आकसले. रिपन बिल्डिंगच्या मागे ‘माय लेडीज गार्डन’ हा हिरवा तुकडा तेवढा मागे राहिला.

याच शहराने दुसरा मार्गही करून पाहिला होता. १९२० च्या नगररचना कायद्यानंतर मांबळमचे लांबरुंद तळे बुजवून त्यागराय नगर वसविण्यात आले, तेव्हा पनगल पार्क आराखड्यातच मध्यभागी ठेवले गेले आणि भोवतालचे रस्ते त्याच्या रोखाने काढले गेले. आपल्या मुंबईत महापालिकेने १९२५ साली माहीम पार्क लोकांना खुले केले, आणि दोन वर्षांनी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. ते मैदान आज टिकले आहे, याचे श्रेय रोज तेथे जाणाऱ्या माणसांना जितके आहे, तितकेच ‘ही जागा मैदानाची’ असे आधीच ठरवून ठेवणाऱ्यांनाही आहे. तथापि आराखडाही अभेद्य तट नव्हे. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात पनगल पार्काचा काही भाग भुयारी स्थानकाच्या कामासाठी घ्यावा लागलाच.

आता कायदा पूर्वीपेक्षा सावध आहे. तामिळनाडूत दहा हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडाचा विकास करताना त्याचा दहावा हिस्सा मोकळी जागा म्हणून स्थानिक संस्थेच्या स्वाधीन करावा लागतो. परंतु जमीन हाती येणे हा अर्धाच व्यवहार झाला. कुंपण, झाडे, दिवे, पहारेकरी यांसाठी दरवर्षी तरतूद न केल्यास तीही जागा ओसाड पडते, आणि ओसाड जागेस ‘रिकामी’ म्हणणे फार सोपे असते. डिसेंबर २०१५ च्या महापुराने पाणी मुरण्यास मोकळी भूमी लागते हे चेन्नईला शिकविले. तो लाभही कोणत्याच अंदाजपत्रकात जमेस धरला जात नाही.

म्हणून उद्यानासाठी सार्वजनिक पैसा द्यावा की नाही, हा प्रश्न नगरसभेपुढे येतो तेव्हा तो केवळ फुलझाडांचा नसतो. दवाखाना आणि बाग यांत निवड करावी लागली तर दवाखानाच जिंकणार, आणि जिंकावाही. पण तो बागेच्याच जागेवर बांधावयाचा असेल, तर त्या जमिनीची पूर्ण किंमत खर्चात धरून, तेवढी मोकळी भूमी त्याच वस्तीजवळ आधी मिळवावी, असा दंडक सभेने स्वतःवर घालून घ्यावा. असा दंडक १८८६ साली मद्रासमध्ये असता, तर सभागृह, मंडई आणि कचेरी झाल्याच असत्या. फक्त त्यांच्या मोबदल्यात शहराला आणखी काही बागा मिळाल्या असत्या.