२१२ चा घोळ

मागच्या वीकांताला ग्रिल साफ करायला घेतलं. कोळशाचं, झाकणवालं. इथे डेन्व्हरला आल्यावर शेजाऱ्यांचं बघून घेतलेलं. झाकणावरच्या थर्मामीटरच्या दांडीवर चरबी आणि काजळीचा हा थर! घासूनपुसून लखलखीत केल्यावर म्हटलं, चला, कॅलिब्रेशनही उरकून टाकू. इंजिनीअर ना आपण!

उकळत्या पाण्यात नुसतं दांडीचं टोक धरलं. काटा २०३ फॅरनहाइटवर थांबला. पाणी तर २१२ ला उकळतं! मग काय, मागचा नट पान्याने फिरवून काटा २१२ वर आणला आणि शहाणपणाच्या आनंदात चहा टाकला. चहा पिता पिता ट्यूब पेटली. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच. हवेचा दाब कमी, म्हणून इथे पाणी २०३ च्या आसपासच उकळतं. (पुण्यातसुद्धा १०० नाही, साधारण ९८ सेल्सिअसला.) थर्मामीटर बरोबर होता, बिघडवला मी.

झाकणावरच्या काट्यात ९ अंश चालून जातात हो. पण मांसात खुपसायचा थर्मामीटर असाच 'दुरुस्त' केला असता, तर १६५ दिसल्यावर उतरवलेली कोंबडी प्रत्यक्षात १५६ लाच असती.

बरं, हा घोळ घालणारा मी पहिला नाही. हवेचा दाब बदलला की उत्कलनबिंदू बदलतो हे खुद्द फॅरनहाइटने १७२४ मध्येच लिहून ठेवलं होतं. १७४२ मध्ये सेल्सिअसने आपली मोजपट्टी मांडतानाही दाबाचा विचार केला होता. (त्याच्या मूळ पट्टीवर पाणी ० ला उकळायचं आणि १०० ला गोठायचं. असो.) तरी लंडनच्या उत्तमोत्तम कारागिरांचे थर्मामीटर एकाच उकळत्या पाण्यात दोन-तीन अंशांचा फरक दाखवायचे. शेवटी रॉयल सोसायटीने कॅव्हेंडिशच्या नेतृत्वाखाली सात जणांची समिती नेमली. १७७७ च्या अहवालात समितीने सांगितलं, थर्मामीटर पाण्यात बुडवू नका, बंद भांड्यातल्या वाफेत धरा, आणि बॅरोमीटर २९.८ इंच असताना खूण करा. दाब वेगळा असेल तर तेवढी दुरुस्ती करा. नेमकं हेच मी विसरलो!

आणखी एक गंमत. ग्रिलच्या काट्यामागे दोन धातूंची जोडपट्टी असते. एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वळते आणि काटा फिरतो. ही पट्टी जॉन हॅरिसनने आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळासाठी शोधली. ते घड्याळ १७५९ मध्ये पूर्ण झालं. उन्हाथंडीने वेळ चुकू नये म्हणून केलेली युक्ती आता उष्णताच मोजते!

तर, दांडी अधूनमधून पुसा, तबकडी पाण्यात बुडवू नका, पावसात ग्रिल झाकून ठेवा, आणि नटला हात लावण्याआधी गावाची उंची बघा. काही थर्मामीटरना नटच नसतो. तिथे जितका फरक येईल तितका मार्करने झाकणावर लिहून टाकायचा.

मी नट पुन्हा उलटा फिरवला. काटा आता २०३ वर आहे, आणि कोळसे पेटलेत.