चुलीची परीक्षा

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना एका पाड्यावर मी चूल पाहण्यासाठी थांबलो. थंडी पडू लागली होती. कुडाच्या भिंती, तीन दगडांवर तवा, वर माळ्यावर नागलीचे बियाणे. कोपऱ्यात सिमेंटची सुधारित चूल होती. तिच्यावर हंडे रचलेले. "आजी, ही पेटवत नाही का?" मी विचारले. "हिच्यावर भात होतो, दादा. पण घर थंड राहते," आजी म्हणाल्या.

या उत्तराने मला चुलीच्या संशोधनाचा इतिहास पुन्हा वाचायला लावले.

त्याचा एक आरंभ आपल्याकडेच, वर्ध्याच्या मगनवाडीत आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा तिथून पाहत. तिथली मगनचूल पुढे देशभर माहीत झाली. १९५३ मध्ये हैदराबादच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेचे एस. पी. राजू यांनी धूर बाहेर नेणाऱ्या चुलीवर पुस्तिका लिहिली. त्यांचा प्रश्न धुराचा होता, बाईच्या डोळ्यांचा आणि फुप्फुसांचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर जंगलतोडीची चिंता वाढली आणि प्रश्न बदलला: लाकूड किती वाचेल? १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम हाती घेतला. बसवलेल्या चुलीची कार्यक्षमता किमान २० टक्के, हलवता येणारीची २५ टक्के, अशी अट होती. २००२ पर्यंत तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या.

हे टक्के काढतात कसे? मोजून पाणी ठेवायचे, मोजून लाकूड जाळायचे. पाच लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे १.६ मेगाज्यूल उष्णता लागते. अर्धा किलो सुक्या लाकडात साधारण आठ मेगाज्यूल असते. तेवढ्या लाकडात पाणी उकळले, तर चूल २० टक्क्यांची. उरलेले ८० टक्के 'वाया'.

या हिशेबाची कसून तपासणी युरोपात झाली. नेदरलँड्समधील आइंडहोवनच्या तंत्र विद्यापीठात कृष्ण प्रसाद यांच्या गटाने १९८० च्या सुमारास उघड्या जाळाच्या चाचण्या घेतल्या. तीन दगडांची चूल पाच-दहा टक्क्यांची, असा सर्रास समज होता. वारा अडवून, नीट निगुतीने जाळ घातला तर ती त्याहून बरीच पुढे जाते, हे दिसले. उलट जाड मातीच्या 'सुधारित' चुली बरीचशी उष्णता स्वतःच पिऊन टाकत. म्हणजे आकडा चुलीइतकाच जाळ घालणाऱ्या हाताचाही होता.

त्याच आइंडहोवनशी नाते असलेल्या फिलिप्सच्या डिझाइन विभागाने पुढे पुण्याच्या 'आरती' संस्थेच्या सहकार्याने एक चूल घडवली. सुटे भाग जोडून ती उभी राहते आणि धुराड्यातली काजळी घरात बसूनच साफ करता येते. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या जव्हारकडच्या छपरावर कोण चढणार? या चुलीला २००९ मध्ये डेन्मार्कचा इंडेक्स पुरस्कार मिळाला.

तरी आजींचे उत्तर शिल्लक राहते, आणि त्याला दुजोरा मिळतो तो युरोपच्याच कायद्यात. लाकूड जाळून खोली तापवणाऱ्या शेगड्यांना तिथे १ जानेवारी २०२२ पासून कार्यक्षमतेची अट आहे: बंद तोंडाच्या लाकडी शेगडीला ६५ टक्के, उघड्या तोंडाच्या शेगडीला ३०. तिथे मोजतात ती खोलीला मिळालेली ऊब. आपल्या चाचणीत तीच ऊब नुकसानीच्या खात्यात जाते. नागली वाळवणारा, बियाण्याची कीड रोखणारा, पहाटे मुलांना शेकणारा जाळ आपण पाणी उकळण्यापुरता तपासला.

धुराचे समर्थन मला करायचे नाही. तो माणसे आजारी पाडतो, आणि सर्वांत आधी चुलीपुढे बसणारीला. पण धूर जावा असे वाटत असेल, तर त्याच्यासोबत जाणाऱ्या उबेची आणि वाळवणाची सोय आधी हवी. ती सोय नसली की नव्या चुलीवर हंडे रचले जातात.

निघताना आजींनी जाळात आणखी एक काटकी सारली. भात केव्हाच शिजला होता.